कॉलेजचं ‘हॉल ऑफ फेम’ म्हणजे काय? माजी खेळाडू आणि कोचना तिथे जागा कशी मिळते?

१९ मार्च १९६६. अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची फायनल. एका बाजूला केंटकी विद्यापीठाचा नावाजलेला, सगळे गोरे खेळाडू असलेला संघ. दुसऱ्या बाजूला टेक्सास वेस्टर्न हे फारसं कुणाला माहीत नसलेलं कॉलेज. त्यांचे कोच डॉन हॅस्किन्स यांनी सुरुवातीला मैदानात उतरवलेले पाचही खेळाडू कृष्णवर्णीय होते. फायनलमध्ये असं त्याआधी कधीच घडलं नव्हतं. टेक्सास वेस्टर्नने ७२-६५ असा विजय मिळवला.

हॅस्किन्स यांना बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये १९९७ साली जागा मिळाली. सामना जिंकणाऱ्या संघाला मात्र २००७ पर्यंत थांबावं लागलं. म्हणजे तब्बल ४१ वर्षं.

हे हॉल ऑफ फेम नेमकं असतं काय? तिथे कुणाला घ्यायचं हे कोण ठरवतं? आणि एवढा उशीर का होतो?

कल्पना आली कुठून?

हॉल ऑफ फेम म्हणजे गौरव दालन. अमेरिकेत ही कल्पना एका विद्यापीठातूनच रुजली. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०० साली देशातल्या थोर व्यक्तींसाठी असं दालन सुरू केलं. तिथे त्यांचे अर्धपुतळे बसवले जायचे. पुढे बेसबॉलने हीच कल्पना उचलली आणि १९३६ साली पहिले पाच खेळाडू निवडले. मग एकेका खेळाचं स्वतंत्र दालन तयार होत गेलं.

कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमची पहिली यादी १९५१ साली जाहीर झाली. त्यात खेळाडूंसोबत कोचही होते. हे फुटबॉल म्हणजे आपल्याकडचं नव्हे, तर लांबट चेंडूचं अमेरिकन फुटबॉल. सध्या हे दालन अटलांटा शहरात आहे. बास्केटबॉलचं मुख्य दालन मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला आहे. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली बास्केटबॉल शोधून काढला तो याच गावात. कॉलेजचे कोच आणि संघही याच दालनात घेतले जातात.

याशिवाय अनेक कॉलेजांचं स्वतःचं दालनही असतं. जिमखान्याच्या भिंतीवर फोटो आणि पाट्या लावलेल्या असतात, दरवर्षी काही नवी नावं जोडली जातात. सोहळा बहुतेक वेळा सामन्यांच्या हंगामात ठेवतात, म्हणजे माजी विद्यार्थीही गावात असतात.

निवड कशी होते?

प्रत्येक दालनाचे नियम वेगळे असतात. कॉलेज फुटबॉलचे नियम साधारण असे आहेत:

- खेळाडूची कारकिर्दीत एकदा तरी देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मान्यताप्राप्त पहिल्या संघात निवड झालेली असावी.
- कॉलेजमधला शेवटचा सामना खेळून किमान १० हंगाम उलटलेले असावेत.
- तो व्यावसायिक फुटबॉल खेळत नसावा.
- कोचने मुख्य कोच म्हणून किमान १० वर्षं आणि १०० सामने काम केलेलं असावं. किती टक्के सामने जिंकले हेही पाहिलं जातं.
- मैदानाबाहेर ती व्यक्ती नागरिक म्हणून कशी वागली, याचाही विचार होतो.

वाट पाहायला लावण्यामागे कारण आहे. विजयाच्या भरात कुणालाही डोक्यावर घेतलं जातं. दहा वर्षांनंतरही ती कामगिरी मोठी वाटली, तरच नाव भिंतीवर लागावं, असा हा हिशोब.

खेळाडूंसाठी हा सन्मान एवढा मोठा का?

कारण कॉलेजच्या खेळाडूंना पगार नव्हता. शिष्यवृत्ती मिळायची, पण सामन्यांच्या कमाईत वाटा नसायचा. स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमवायची मुभासुद्धा जुलै २०२१ मध्ये मिळाली. त्याआधीच्या पिढ्यांनी कॉलेजला करंडक आणि नाव मिळवून दिलं, त्याबदल्यात त्यांना मिळणारी सर्वात मोठी गोष्ट म्हणजे ही आठवण.

कॉलेजचाही यात फायदा असतो. माजी विद्यार्थी जोडलेले राहतात आणि अमेरिकेत त्यांच्या देणग्यांवर बरंच काही चालतं.

कोचचा सन्मान वेगळा का?

खेळाडू कॉलेजमध्ये चार-पाच वर्षं असतो. कोच तिथे अख्खं आयुष्य घालवू शकतो. जॉन वुडन यांच्या हाताखाली यूसीएलएने १९६४ ते १९७५ या काळात १० वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. बास्केटबॉलच्या दालनात खेळाडू आणि कोच अशा दोन्ही नात्यांनी जागा मिळवणारे ते पहिलेच.

टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी महिला संघाला ८ विजेतेपदं आणि १०९८ विजय मिळवून दिले. त्यांनी १९७४ साली सुरुवात केली तेव्हा मुलींच्या बास्केटबॉलसाठी आजच्या मुख्य राष्ट्रीय संघटनेची स्पर्धाही नव्हती. ती सुरू झाली १९८२ साली.

दिलेला मान काढून घेतला जातो का?

हो. जिम थॉर्प हे सर्वात दुखरं उदाहरण. मूलनिवासी समाजातला हा खेळाडू कार्लाइल या शाळेत पॉप वॉर्नर या कोचच्या हाताखाली घडला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदकं जिंकली. पण आधी थोड्या पैशांसाठी बेसबॉल खेळल्याचं उघड झालं आणि १९१३ मध्ये पदकं काढून घेतली गेली.

१९५१ साली फुटबॉलच्या पहिल्या यादीत थॉर्प आणि वॉर्नर, दोघांचीही नावं होती. दोन वर्षांनी थॉर्प गेला. ऑलिम्पिक पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांच्या हाती पडल्या १९८३ मध्ये. आणि तो एकटाच विजेता असल्याची नोंद व्हायला २०२२ साल उजाडलं.

उलट प्रकारही घडतो. पेन स्टेट विद्यापीठाने कोच जो पॅटर्नो यांचा पुतळा जुलै २०१२ मध्ये हटवला. त्यांच्या माजी सहायकाने मुलांचं लैंगिक शोषण केल्याचं सिद्ध झालं होतं आणि पॅटर्नो यांनी वेळीच पुरेसं काही केलं नाही, असा ठपका चौकशीत ठेवला गेला होता.

आपल्याकडे काय?

भारतात खेळाडूंसाठी अर्जुन पुरस्कार १९६१ पासून आणि प्रशिक्षकांसाठी द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ पासून दिला जातो. पण हे सरकारी पुरस्कार आहेत. कॉलेजने आपल्या माजी खेळाडूची आठवण जपण्याची पद्धत मात्र तितकी रुजलेली नाही.

खरं तर त्यासाठी सर्वात मोठी गोष्ट कोल्हापुरातच आहे. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले, तेव्हा त्यांचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७ हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक.

१९८४ साली खाशाबांचं अपघाती निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो त्यानंतर दीड दशकाहून अधिक काळाने. आता १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो.