नावाचे मोल : महाविद्यालयीन खेळाडू, त्याचे आश्रयदाते आणि संघ

महाविद्यालयात शिकणाऱ्या खेळाडूने आपले नाव वा छायाचित्र एखाद्या व्यापारी मालाच्या जाहिरातीसाठी देऊन मोबदला घ्यावा की नाही, आणि घेतल्यास त्याच्या संघावर त्याचा काय परिणाम होतो, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत अमेरिकेतील विद्यापीठांमध्ये मोठ्या वादाचा झाला आहे. आपल्याकडे हा प्रश्न अद्याप त्या स्वरूपात उभा राहिलेला नाही. तथापि खेळाडूला पैसा कोणी द्यावा आणि तो कशाबद्दल द्यावा, या मूळ प्रश्नाला महाराष्ट्रात शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे. हा पैसा कालानुक्रमाने चार गोष्टींशी बांधला गेला : लढतीशी, प्रवासाशी, नोकरीशी आणि अखेर नावाशी. पैसा खेळात नव्यानेच शिरला अशी जी समजूत आढळते, ती या इतिहासापुढे टिकत नाही. नवे आहे ते पैशाने जोडले जाणारे नाते. संघावर होणारा परिणाम पैशाच्या प्रमाणापेक्षा या नात्याच्या स्वरूपावर अधिक अवलंबून असतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिला प्रकार लढतीच्या इनामाचा होय. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये कोल्हापुरास खासबाग मैदान बांधविले, तेव्हा कुस्तीला राजाश्रयाचे एक भव्य स्थान लाभले. मल्लांचा खुराक, तालमी आणि मैदाने यांचा भार दरबाराने उचलला. दरबार नसलेल्या गावी हेच काम ग्रामदैवताच्या जत्रेने केले. जत्रेच्या कुस्त्यांत ठरलेल्या जोडीवर ठरलेले इनाम लावलेले असते. जो चितपट करील तो इनामाचा धनी. हा पैसा लढतीचा असतो. मल्लाची कीर्ती मोठी असली तर त्याच्या जोडीवरचे इनाम मोठे होते हे खरे. परंतु आखाड्यात उतरल्याशिवाय केवळ कीर्तीला कोणी पैसा देत नसे. दुसरे असे, की तालमीत रोज अंगाशी अंग भिडविणारा जोडीदार नसेल तर इनाम जिंकणारा मल्ल तयारच होत नाही. कुस्ती हा एकट्याचा खेळ दिसतो. त्याची तयारी मात्र सर्वस्वी सामुदायिक असते.

दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण खाशाबा जाधव यांचे आहे आणि ते महाविद्यालयीन खेळाडूचे असल्याने आपल्या विषयाशी त्याचा संबंध अगदी निकटचा आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावी १९२६ मध्ये जन्मलेले जाधव कराडच्या टिळक हायस्कुलात आणि पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले त्या वेळी खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. त्या स्पर्धेत फ्लायवेट गटात त्यांचा सहावा क्रमांक आला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकच्या वेळी संस्थान विलीन झालेले होते. राजाश्रय गेला होता आणि लोकशाही शासनाची क्रीडाविषयक व्यवस्था अजून उभी राहावयाची होती. ही पोकळी लोकवर्गणीने आणि एका शिक्षकाने भरून काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. जाधवांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्यासाठी देशाला १९९६ पर्यंत, म्हणजे चव्वेचाळीस वर्षे थांबावे लागले. परतल्यावर कराडहून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर जाधवांनी कोल्हापुरास कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांत ते स्वतः लढले, आणि त्या उत्पन्नातून प्राचार्यांचे कर्ज फेडले.

या प्रसंगाकडे केवळ कृतज्ञतेची कथा म्हणून पाहिले जाते. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट दिसावयास हवी. त्या काळी ऑलिंपिकमध्ये केवळ हौशी खेळाडूलाच स्थान होते, आणि हौशीपणाची व्याख्या कडक होती. अमेरिकेतील कार्लाइल येथील आदिवासींच्या शाळेचा विद्यार्थी जिम थॉर्प याने १९१२ मध्ये स्टॉकहोमला पेंटॅथलॉन व डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पूर्वी सुटीच्या दिवसांत किरकोळ मोबदल्यावर तो बेसबॉल खेळला होता, हे उघडकीस येताच १९१३ मध्ये त्याची पदके काढून घेण्यात आली. १९८२ मध्ये त्याला संयुक्त विजेता मानण्यात आले आणि एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा नोंदले जाण्यास २०२२ साल उजाडावे लागले. याच मापाने मोजले असते, तर गुरूचे घर सोडविण्यासाठी तिकीट लावून कुस्ती खेळणे हाही नियमभंगच ठरला असता. ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्यासाठी हौशीपणाचा नियम निरुपद्रवी होता. शेतकऱ्याच्या मुलाला मात्र तो नियम पाळावा की ऋण फेडावे, अशा पेचात टाकणारा होता. ऑलिंपिक समितीने पुढे १९७० नंतरच्या दोन दशकांत हा नियम क्रमाक्रमाने सैल केला, त्यामागे या विसंगतीची जाणीव होती असे म्हणावयास हरकत नाही.

तरीही जाधवांच्या उदाहरणातील पैशाचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. तो पैसा प्रवासासाठी होता, समुदायाकडून आला होता आणि समुदायाकडेच परत गेला. त्याने खेळाडू आणि त्याचे महाविद्यालय यांमधील नाते घट्ट केले. खेळाडूचा उदरनिर्वाह मात्र त्याने साधला नाही. पदकविजेत्या जाधवांना १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षकाची नोकरी मिळाली. १९८४ मध्ये अपघातात त्यांचे निधन झाले. आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. जुन्या व्यवस्थेचे गुणगान करणाऱ्यांनी हा हिशेबही मांडला पाहिजे.

तिसरा प्रकार नोकरीचा. मुंबईत टाटा, मफतलाल, निर्लॉन, असोसिएटेड सिमेंट अशा कंपन्यांनी क्रिकेटपटूंना नोकऱ्या देऊन आपले संघ बांधले. सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे विद्यार्थी सुनील गावसकर हे निर्लॉनच्या सेवेत होते, हे सर्वश्रुत आहे. कबड्डीत महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, रेल्वे आणि पोलीस यांचे संघ उभे राहिले, आणि स्पर्धांमध्ये त्यांच्यासाठी ‘व्यावसायिक गट’ असा स्वतंत्र वर्गच निर्माण झाला. येथे व्यावसायिक याचा अर्थ खेळावर पोट भरणारा असा नसून एखाद्या आस्थापनेचा नोकर असलेला खेळाडू असा आहे, हे लक्षणीय आहे.

या तिसऱ्या प्रकाराची भूमी म्हणून पिंपरी-चिंचवडचा पट्टा अभ्यासण्याजोगा आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, पुढे टेल्को व बजाज यांचे कारखाने उभे राहिले. १९८२ मध्ये महानगरपालिका झाली आणि १९९७ च्या हद्दवाढीत दिघी गाव तीत आले. भोसरी आणि आळंदी यांच्या दरम्यान वसलेल्या दिघीची स्थिती वैशिष्ट्यपूर्ण आहे. एका बाजूस पैलवानांचे गाव म्हणून ख्यातनाम असलेली भोसरी व तिची औद्योगिक वसाहत; दुसऱ्या बाजूस लष्करी आस्थापना; आणि टेकडीवर १९९४ मध्ये सुरू झालेले आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी हे अभियांत्रिकी महाविद्यालय. तालीम, कारखाना, सैन्य आणि महाविद्यालय या खेळाडूला आश्रय देणाऱ्या चारही संस्था येथे दोन-तीन कोसांच्या आत एकत्र आढळतात.

यांपैकी सैन्याचा आश्रय नोकरीच्या प्रकारात मोडतो, आणि संघाच्या दृष्टीने त्याचे एक उदाहरण बोलके आहे. दिघीपासून जवळच दापोडीच्या सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सैन्याचे नौकानयन केंद्र आहे. नाशिक जिल्ह्यातील तळेगाव रोही या दुष्काळी गावचे दत्तू भोकनळ २०१२ मध्ये सैन्यात भरती झाले, या खेळात उतरले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकेरी शर्यतीत तेरावे आले. २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेने सुवर्णपदक जिंकले, तीत ते एक होते. चौघेही सैनिक होते. वृत्तपत्रांतून भोकनळांचे नाव इतर तिघांपेक्षा महाराष्ट्राला अधिक परिचित झाले होते. परंतु सैनिकाचे वेतन हुद्द्यावर ठरते, प्रसिद्धीवर नव्हे. नावांच्या प्रसिद्धीत अंतर असतानाही नौकेत अंतर पडू नये, अशी तजवीज नोकरीच्या पद्धतीत आपोआप होते. तिचा दोष असा, की असामान्य गुणाला ती असामान्य मोबदला देऊ शकत नाही.

हा दोष चौथ्या प्रकाराने, म्हणजे नावाच्या मोलाने, भरून काढला. नागपुरास जन्मलेले आणि होळकरांच्या आश्रयास राहिलेले कर्नल सी. के. नायडू यांचे नाव १९४१ मध्ये एका यकृत-टॉनिकच्या जाहिरातीस जोडले गेले. ब्रिलक्रीमच्या जाहिरातींतून फरोख इंजिनिअर १९६० नंतरच्या दशकात घरोघरी पोहोचले. मात्र हे मोल देशाच्या संघात नाव मिळविल्यानंतरचे होते. विद्यार्थिदशेशी त्याचा संबंध नव्हता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे अंतर कमी झाले. लिलावाची रक्कम म्हणजे जाहिरातीचे मानधन नव्हे. परंतु दूरचित्रवाणीवरील प्रसिद्धी हा दोहोंचा समान पाया आहे. २०१४ च्या लिलावातील सर्वोच्च बोली १२ लाख ८० हजार रुपयांची होती. २०१८ मध्ये ती १ कोटी ५१ लाखांवर, म्हणजे सुमारे बारापट झाली. २०२३ मध्ये ती २ कोटी ६० लाख ५० हजारांवर गेली. महाविद्यालयीन वयाची मुले या बाजारात दरवर्षी दाखल होत आहेत.

चढाई करणाऱ्याचे नाव होते आणि साखळी धरणारे अनामिक राहतात, अशी कबड्डीविषयी तक्रार केली जाते. ती पूर्णतः खरी नाही. २०१८ मध्ये प्रथमच कोटीचा आकडा गाठणाऱ्यांत फजल अत्राचली हा इराणी बचावपटू होता. तसेच १ मार्च २०२४ रोजी विजेता ठरलेल्या पुणेरी पलटण संघात २ कोटी ३५ लाखांचा मोहम्मदरझा शादलुई होता, आणि त्याच्याच बरोबरीने नवोदितांच्या योजनेतून घेऊन काही हंगाम एकत्र राखलेले तरुणही होते. कर्णधार अस्लम इनामदार हे त्यांपैकीच एक. मोबदल्यातील विषमता संघाला अपरिहार्यपणे मोडते, हा निष्कर्ष म्हणून घाईचा ठरेल. संघ टिकतो की नाही हे खेळाडूंच्या सहवासाच्या कालावधीवर बरेच अवलंबून दिसते.

अमेरिकेतील अनुभव याच मुद्द्याला पुष्टी देतो. कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये यासंबंधीचा कायदा केला; २१ जून २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी-खेळाडूंच्या शैक्षणिक लाभांवरील राष्ट्रीय संघटनेचे निर्बंध एकमताने अवैध ठरविले; आणि १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मान्य झालेल्या न्यायालयीन तडजोडीने तर विद्यापीठांना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट देण्याची वाट मोकळी केली. मात्र २०२१ मध्येच विद्यापीठ बदलताना एक वर्ष न खेळता काढण्याची अटही शिथिल झाली होती. नावाचे मोल आणि स्थलांतराची मोकळीक एकत्र येताच संघ वर्षावर्षाला नव्याने बांधावे लागू लागले. २०२४ मध्ये लास व्हेगास येथील नेवाडा विद्यापीठाचा फुटबॉल संघ पहिले तिन्ही सामने जिंकलेला असताना त्याचा प्रमुख खेळाडू मध्येच निघून गेला. तोंडी दिलेले वचन पाळले गेले नाही, असे त्याच्या बाजूचे म्हणणे होते. विद्यापीठाने ते नाकारले. संघ पुढेही जिंकत राहिला, ही गोष्ट तितकीच नोंदण्यासारखी आहे. तेथे कलहाचे मूळ पैशापेक्षा अलिखित करारात होते.

या विवेचनातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. विद्यार्थ्याने मोबदला घेऊच नये, हा आग्रह इतिहासाला धरून नाही. त्या आग्रहाची किंमत थॉर्पने मोजली, आणि दुसऱ्या रूपाने जाधव व खर्डेकर यांनीही मोजली. दुसरी गोष्ट अशी, की पूर्वीच्या तीनही प्रकारांत खेळाडूला घडविणाऱ्या समूहाचा वाटा कोणत्या ना कोणत्या रूपाने शिल्लक होता. नावाच्या मोलात तो आपोआप राहत नाही, कारण जाहिरात एका चेहऱ्याची असते. म्हणून आपल्या विद्यापीठांनी हा प्रश्न दारी येण्यापूर्वीच करार लेखी असावेत, शिक्षणाचे वर्ष पुरे होईतो संघ सोडू नये, आणि सरावातील जोडीदारांच्या खुराकाची तरतूद महाविद्यालयाने स्वतः करावी, एवढे तरी नियम ठरविणे इष्ट होय. खेलो इंडिया योजनेतून निवडलेल्या खेळाडूला खिशाखर्चासाठी महिना दहा हजार रुपये देण्याची तरतूद झाली आहे. ज्याच्याशी झुंजून तो तयार होतो त्या न निवडलेल्या मुलाचे काय, याचे उत्तर त्या योजनेत नाही. भोसरी-दिघीच्या तालमींत असा मुलगा प्रत्येक नामवंत मल्लामागे उभा असतो. खर्डेकरांच्या सात हजारांची आठवण आपण अभिमानाने सांगतो. पुढच्या खाशाबासाठी कोणा शिक्षकावर घर गहाण टाकण्याची वेळ येऊ नये आणि त्याच्या जोडीदाराचा खुराकही तुटू नये, अशी व्यवस्था लावणे हे आता विद्यापीठांचे काम आहे.