पळालेली टोळी आणि उचलीचा हिशेब

गळीत हंगाम तोंडावर आला की कोल्हापूर जिल्ह्यात एक तक्रार हमखास कानावर येते. मुकादमाने दहा कोयत्यांची, म्हणजे नवरा-बायकोच्या दहा जोड्यांची, उचल (आगाऊ रक्कम) घेतली, आणायला ट्रॅक्टर गेला तर टोळी पसार. वाहतूकदाराने कर्ज काढून दिलेले पैसे बुडाले. शेतकऱ्याची कुरकुर वेगळी : खुशालीचे वरचे पैसे दिल्याशिवाय फडात कोयता पडत नाही. यावरून सर्रास म्हटले जाते की ऊसतोडीत सक्ती होतच असेल तर ती वाहतूकदारावर होते. मजूर आपखुशीने पैसे उचलतो, त्याला संरक्षण कसले? कायदा करायचाच तर बुडव्यांविरुद्ध करा.

फसवणूक होते, हे मान्यच. तिच्यापायी काही वाहतूकदार देशोधडीला लागले, तेही खरे. पण त्यासाठी फौजदारी कायदा आहे. वरच्या युक्तिवादातली खरी गफलत मुकादम आणि मजूर एकाच पारड्यात टाकण्याची. पैसा वाहतूकदाराकडून मुकादमाकडे जातो, तिथून नवरा-बायकोच्या जोडीकडे. मुकादम बेपत्ता झाला की वसुली मजुराच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, येते. हंगाम संपला तरी बाकीपायी जोडीला गावी जाऊ न दिल्याची प्रकरणे पोलिसांपर्यंत गेलेली आहेत.

आता ‘आपखुशी’. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर टनाला 273 रुपयांवरून 366 वर गेला. जोडीची उचल एक लाख धरा. ती फेडायला पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टनांनी साडेचार महिने, एकही खाडा न करता. घरखर्चासाठी आठवड्याला मिळणारी खर्ची याच हिशेबात वरून चढते. कोल्हापूरचे गाळप अलीकडे अनेकदा चार महिन्यांच्या आतच आटोपते. मग जी बाकी उरते, तीच पुढच्या हंगामाची दावण. शिवाय बाईचे नाव या हिशेबात सहसा नसतेच. अर्धा कोयता ती, हजेरी नवऱ्याची.

आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याचे किंवा हिंडण्या-फिरण्याचे स्वातंत्र्य गमावणे, याला 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा वेठबिगारीच म्हणतो. इतकेच नव्हे, कर्ज वेठीचे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी तो कर्ज देणाऱ्यावर टाकतो. आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या 1982 च्या खटल्यात न्यायमूर्ती भगवती यांनी तर गरजेपोटी किमान वेतनाहून कमी पैशांत राबणे हीसुद्धा सक्तीची मजुरी ठरवली. अंगठा कुणी धरून उठवला नाही, एवढ्याने व्यवहार स्वेच्छेचा होत नाही.

‘कायदा आहे तर नवा कशाला?’ हा आक्षेप अधिक वजनाचा आहे. त्याचे उत्तर नकाशात आहे. स्थलांतरित मजुरांसाठीचा 1979 चा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. 2020 च्या कामगार संहितेनेही व्याख्येत तीच अट ठेवली. म्हणजे बीडहून कर्नाटकातल्या निपाणीला गेलेली टोळी आंतरराज्य स्थलांतरित ठरते, कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळला आलेली ठरत नाही. घरापासून दोन्हीकडे शेकडो किलोमीटर, कोप्या तशाच, उचलही तीच. ही फट दिल्लीने ठेवली असली तरी बुजवणे मुंबईच्या हाती आहे. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ त्यासाठी पुरेसे नाही. टनामागे दहा रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारने द्यायचे. त्यातून वसतिगृहे होतील, विमा होईल, उचलीला मात्र धक्का लागत नाही.

नमुना शोधायला लांब जायला नको. 1969 चा माथाडी कायदा याच महाराष्ट्राचा. मालक-हमाल नाते नाकारणाऱ्या बाजारपेठांना त्याने मंडळात नोंदणी करायला लावली आणि मजुरी मंडळामार्फत द्यायला भाग पाडले. उसातही तसेच करता येईल. मजूर आमचे नाहीत, असे कारखाना म्हणतो. मग कुणाचा फड कधी तोडायचा, हे कारखान्याचा फडावरचा माणूस, चिटबॉय, कोणत्या अधिकारात ठरवतो? तोडणीचे पैसे जोडीतल्या दोघांच्या खात्यांवर वेगवेगळे जमा झाले आणि आगाऊ रक्कम मंडळाच्या नोंदीनेच दिली, तर मुकादमाकडे घेऊन पळण्यासारखे काही उरणार नाही. म्हणजे मजुराच्या संरक्षणाला विरोध करणारा वाहतूकदारच अशा कायद्याचा पहिला लाभार्थी.

राहता राहिली यंत्राची धमकी : फार ताणाल तर हार्वेस्टर आणू. आणावा. पण भाऊवाटण्यांत गुंठ्यांवर आलेल्या आपल्याकडच्या तुकड्यांत आणि पाणंदींत तो वळवायचा कसा, ते आधी शेतकी अधिकाऱ्याला विचारून घ्यावे.