राज्ये वेगळी झाली, खोली मोठी झाली का?

आरती आटोपली, प्रसाद वाटून झाला की मंडपामागच्या खुर्च्यांवर ज्येष्ठांची बैठक जमते, हे आपल्या मंडळात सर्वांना ठाऊक आहे. गेल्या गणपतीत तिथे घरांचा विषय निघाला. मुंबईहून आलेले एक पाहुणे चाळीतल्या खोलीबद्दल बोलत होते. आपल्यातले एक काका म्हणाले, "साठ साली वेगळे झालो ते बरेच झाले. एकत्र राहिलो असतो तर आपणही दहा बाय बाराच्या खोलीत अडकलो असतो." पाहुणे म्हणाले, "मग वेगळे झाल्यावर आमची गर्दी कमी का नाही झाली?" वाद रात्री अकरापर्यंत चालला, निकाल मात्र लागला नाही. तो प्रश्न मनात राहिला म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. बडोदे संस्थान 1 मे 1949 रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा आणि विदर्भ जोडून मोठे द्विभाषिक राज्य झाले. 1 मे 1960 रोजी त्याचे दोन भाग झाले. म्हणजे बडोदेकर ज्या तारखेला त्या राज्यात गेले, बरोबर अकरा वर्षांनी त्याच तारखेला बाहेर पडले. घरांच्या गर्दीचे काय झाले हे पाहायला याहून चांगले उदाहरण आपल्याला शोधावे लागणार नाही.

प्रथम पाहुण्यांचा प्रश्न. बृहन्मुंबईची लोकसंख्या 1951 साली सुमारे 30 लाख होती. 1961 साली ती साडेएकेचाळीस लाख झाली आणि 1971 साली जवळजवळ 60 लाख. सचिवालयातले गुजरातचे कर्मचारी अहमदाबादला गेले, पण त्याने चाळी रिकाम्या झाल्या नाहीत. राज्याची सीमा म्हणजे काही पासपोर्टचे नाके नव्हे. देशात कुठेही जाऊन राहण्याचा हक्क घटनेने दिला आहे. भुलेश्वरचा व्यापारी तिथेच राहिला, रत्नागिरी-साताऱ्याचा माणूस गिरणीत आणि गोदीत येतच राहिला. पोट जिथे भरते तिथे माणूस जातो. तेव्हा "वेगळे झालो की गर्दी हटेल" ही समजूत पहिल्या दहा वर्षांतच खोटी ठरली.

उलट वेगळे होताना सुरुवातीला अडचणच वाढली. गुजरातला राजधानीच नव्हती. अहमदाबादेत सचिवालय पॉलिटेक्निकच्या इमारतीत बसवले आणि विधानसभा सिव्हिल हॉस्पिटलच्या नव्या इमारतीत भरली. गांधीनगर उभे राहून सरकार तिकडे जायला 1970 साल उजाडले. आधीच गिरण्यांमुळे दाटलेल्या शहरात ही नवी भर होती.

आता काकांचे म्हणणे. त्यात तथ्य आहे, पण ते समजायला वाटणीत कोणाला काय मिळाले ते पाहावे लागेल. भावाभावांत वाटणी झाली की भांडीकुंडी दोन्हीकडे जातात, तसे मुंबई राज्याचे कायदे दोन्ही राज्यांना मिळाले.

त्यातला एक म्हणजे 1947 चा भाडे नियंत्रण कायदा. त्याने जुन्या घरांचे भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीवर गोठवले. युद्धानंतरच्या महागाईत गरीब भाडेकरूला त्याने मोठा आधार दिला, हे विसरता कामा नये. पण वर्षे गेली तशी त्या भाड्यात दुरुस्तीचा खर्चही निघेना. मालकांनी डागडुजी सोडली, भाड्यासाठी नवे बांधणे थांबले, पागडी आली. मुंबईत पावसाळ्यात इमारती कोसळू लागल्या, तेव्हा 1969 साली उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ नेमावे लागले. आपल्या दांडिया बाजारातल्या वाड्यांची कथाही फार निराळी नाही. राज्य बदलले, गोठलेले भाडे तसेच राहिले.

दुसरा वारसा म्हणजे नगररचना योजना, म्हणजे आपण ज्याला नुसते 'टीपी' म्हणतो ती. तिचा कायदा 1915 चा, मुंबई इलाख्याचा. गावाबाहेरची वेडीवाकडी शेते एकत्र करायची, त्यातून रस्ते, बाग, शाळा यांची जागा काढायची आणि उरलेली जमीन नीट आकाराचे प्लॉट पाडून मूळ मालकांना परत द्यायची. जमीन थोडी कमी होते, पण किंमत वाढते. वांद्रे, विलेपार्ले इथल्या पत्त्यांत अजून 'टीपीएस' ही अक्षरे दिसतात ती त्यामुळेच.

गंमत अशी की मुंबईत वापरलेले हे हत्यार पुढे महाराष्ट्रात बहुतांशी बाजूला पडले. 1966 च्या नव्या कायद्यात त्याची तरतूद होती, पण भर विकास आराखड्यावर राहिला. गुजरातने मात्र 1976 च्या आपल्या कायद्यात ते कायम ठेवले आणि वापरले. शहराबाहेर सोसायट्या पसरत गेल्या त्यामागे या टीपी योजनांचा मोठा हात आहे. 1976 च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचेही तसेच. त्याने अनेक शहरांत मोकळ्या जमिनी कज्ज्यांत अडकल्या. केंद्राने तो 1999 साली रद्द केला. गुजरातने ते लगेच स्वीकारले, महाराष्ट्राने 2007 साली.

अर्थात तुलना सरळ नाही. मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र, बडोद्याला चहूकडे शेते. शिवाय टीपीचा प्लॉट जमीनमालकाला मिळतो, मजुराला नाही. विश्वामित्रीच्या काठच्या झोपड्या पाहिल्या की काकांचाही आवाज खाली येतो.

माझ्या मते निकाल असा. वेगळे झाल्याने एकही खोली मोठी झाली नाही आणि लहानही झाली नाही. निर्णय कोणी घ्यायचा एवढेच त्या दिवशी ठरले. एकाच आईची दोन लेकरे, एकच कायद्याची पेटी. एकाने एक हत्यार गंजू दिले, दुसऱ्याने धार लावून वापरले. घराची टंचाई असली की दोष सीमेला किंवा बाहेरून आलेल्या माणसाला देणे सोपे असते. आपले पूर्वजही बाहेरूनच या गावात आले आणि गावाने त्यांना जागा दिली, हे आपण तरी विसरू नये.

यंदा पाहुणे पुन्हा येणार आहेत. वाद पुढे चालू ठेवू, खुर्च्या मात्र थोड्या जास्त मांडाव्या लागतील.