गुणांचा विनिमयदर

काही वर्षांपूर्वी एका निवड समितीवर काम करण्याचा योग आला. जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर उमेदवारांसाठी किमान ५५ टक्क्यांची अट होती. एका उमेदवाराचे गुण होते ५४.६. त्याच्या विद्यापीठात पंचावन्न मिळवणे म्हणजे जवळजवळ वर्गात पहिले येणे. नियमानुसार अर्ज बाद झाला. त्यावर माझीही स्वाक्षरी आहे. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. मनात आले, निरनिराळी चलने आपण विनिमयदर न ठरवताच एकत्र मोजत आहोत.

प्रश्न जुना आहे. १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर विद्यापीठे स्थापन झाली, ती मुख्यतः परीक्षा घेण्यासाठी. अध्यापन महाविद्यालयांचे, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची. तेव्हा समान परीक्षा आपल्याला नवी नाही. मात्र ती विद्यापीठाच्या वेशीपाशी थांबली, आणि विद्यापीठे वाढली तशा वेशीही वाढल्या. उच्च शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची तर ती परीक्षांची, असा अभिप्राय राधाकृष्णन आयोगाने १९४९ च्या अहवालात दिला होता.

अमेरिकेत ही वेस विषयतज्ज्ञांच्या संस्थांनी ओलांडली. अमेरिकन केमिकल सोसायटीने १९३० च्या दशकात रसायनशास्त्राच्या प्रमाणित परीक्षा सुरू केल्या. पुढे त्यांत जीवरसायनशास्त्रही आले. प्रश्न बहुपर्यायी, तुलना देशभरच्या विद्यार्थ्यांशी. परंतु विकराचे नाव ओळखणे वेगळे आणि त्यातील एक अमिनो आम्ल बदलले तर अभिक्रिया का मंदावते हे सांगणे वेगळे. तेथील जीवरसायनशास्त्रज्ञांच्या संस्थेने २०१४ पासून घेतलेल्या परीक्षेत म्हणूनच लघुत्तरी प्रश्नांवर भर दिला. उत्तरे निरनिराळ्या संस्थांतील प्राध्यापक समान निकषांवर तपासतात. या परीक्षेचे प्रमाणपत्र स्वतंत्र असते. वर्गातील गुण देण्याचा अधिकार शिक्षकाकडेच राहतो.

आपल्याकडेही नेट आणि गेट आहेत. पण त्या निवडीच्या परीक्षा. अभ्यासक्रमातून काय साधले हे विभागाला सांगणे त्यांचे काम नव्हे. शिवाय नेटसाठी खुल्या प्रवर्गातील पदव्युत्तर उमेदवाराला ५५ टक्क्यांचीच अट आहे. म्हणजे समान मापाच्या दारावर असमान मापाचाच पहारेकरी!

प्रमाणित परीक्षेने शिक्षकाची जागा घ्यावी, असे मी म्हणणार नाही. तिने फक्त विनिमयदर सांगावा. तो हाती असता, तर त्या दिवशी समितीला निदान आपण काय नाकारत आहोत, हे कळले असते.