तळटीप : सोनेरी हॅमस्टर

३. लेखकाने हॅमस्टरला येथे ‘वाळवंटातला प्राणी’ म्हटले आहे. मंगोलिया आणि उत्तर चीनच्या वाळूत राहणाऱ्या रोबोरोव्स्की हॅमस्टरला ते लागू पडेल. पण प्रकरणात वर्णन आहे ते सोनेरी हॅमस्टरचे, आणि तो शेतशिवारातला आहे. त्याचा मुलूख फार लहान : उत्तर सीरियातील अलेप्पोचे पठार व त्याला लागून असलेला दक्षिण तुर्कस्तानचा पट्टा. गहू, हरभरा, मसूर यांच्या शेतांत तो जमीन पोखरून राहतो. बिळाचे तोंड सरळ खाली उतरते. आत झोपायची जागा वेगळी, धान्याची कोठी वेगळी. पिल्लांची आई सोडली तर एका बिळात एकच हॅमस्टर. दाणे वाहून न्यायला गालांच्या आत खांद्यांपर्यंत पोचणाऱ्या पिशव्या असतात. त्या भरल्या की डोके धडाहून रुंद दिसते.

१९३० साली जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ इस्रायल अहारोनी यांनी अलेप्पोजवळच्या एका शेतातून एक मादी व तिची पिल्ले खणून काढवली. आज जगभरच्या घरांत आणि प्रयोगशाळांत असलेले बहुतेक सोनेरी हॅमस्टर या एका कुटुंबाचे वंशज आहेत. मूळ शिवारात मात्र पिकाचा शत्रू म्हणून त्याला विष घालतात, सापळे लावतात. तेथे ही जात संकटग्रस्त आहे. पिंजऱ्यांतल्या लाखोंमुळे हे नुकसान भरून निघत नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. महाराष्ट्राच्या रानात हॅमस्टर नाही. भारतात त्याचे छोटे भाऊबंद लडाखच्या उंच, कोरड्या प्रदेशात आढळतात. — संपादक