‘येतो’ आणि ‘स्थलांतर’ : परमिट-व्हिसाच्या काळातील पतिपत्नींची प्रतीक्षा

बुलढाणा जिल्हा हा जवळजवळ शतकभर सीमेवरचा जिल्हा होता. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. तेव्हापासून १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपर्यंत मेहकर-देऊळगावराजाच्या पलीकडे निजामाचा मुलूख, म्हणजे लोकांच्या बोलण्यातील ‘मोगलाई’, पसरलेला होता. सीमा होती, करोडगिरीचे नाकेही होते. परंतु एरवीच्या काळात नाक्यावर चौकशी होई ती मालाची, मनुष्याच्या हेतूची नव्हे. बाजारासाठी, यात्रेसाठी, सोयरिकीसाठी माणसे अलीकडची पलीकडे जात आणि पलीकडची अलीकडे येत. मोगलाईतून सून आणणे म्हणजे परदेशातून सून आणणे, असे कोणासही वाटत नसे. थोडक्यात, सीमा ओलांडणे आणि घर सोडणे या दोन क्रिया या भागाच्या अनुभवात एक नव्हत्या.

त्या दोन क्रिया एक धरणारा कायदा १९४८ च्या जुलैत आला. पाकिस्तानातून भारतात येणाऱ्यांवर त्या महिन्यात परमिटचे बंधन घालण्यात आले आणि त्याच वर्षी पाकिस्तानानेही आपल्या बाजूने तसेच बंधन घातले. १९४९ साली भारतात या व्यवस्थेला रीतसर अधिनियमाचे रूप मिळाले. परमिटांचे प्रकार अनेक होते. पण कुटुंबाच्या दृष्टीने त्यांतील दोनच महत्त्वाचे होत. एक तात्पुरत्या भेटीचे, दुसरे कायमच्या पुनर्वसनाचे किंवा कायमचे परत येण्याचे. १५ ऑक्टोबर १९५२ पासून परमिट जाऊन पासपोर्ट व व्हिसा आले. नावे बदलली, तरी मूळ प्रश्न तोच राहिला. पतिपत्नींपैकी एक जण पलीकडे असेल, तर त्याचे वा तिचे जाणे हे ‘जाणे’ समजावयाचे की ‘स्थलांतर’? या दांपत्यांच्या वाट्यास आलेल्या वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षेचे कारण कचेऱ्यांतील दिरंगाईत जितके सापडते, तितकेच या एका शब्दाच्या अर्थातही सापडते. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

संविधानाच्या सातव्या अनुच्छेदाने असे ठरविले की, १ मार्च १९४७ नंतर जी व्यक्ती भारताच्या प्रदेशातून पाकिस्तानच्या प्रदेशात स्थलांतर करून गेली, ती भारताची नागरिक मानली जाणार नाही. अपवाद एकच : पुनर्वसनाचे किंवा कायमचे परत येण्याचे परमिट घेऊन जी परतली ती. इंग्रजी पाठातील क्रियापद ‘मायग्रेट’ हे आहे. त्याची व्याख्या संविधानात दिलेली नाही. हिंदी पाठात त्यासाठी ‘प्रव्रजन’ हा शब्द योजिला आहे. हा शब्द भाषेच्या अभ्यासकाने थांबून पाहण्यासारखा आहे. ‘प्रव्रज्या’ म्हणजे गृहत्याग, संन्यास. ज्याने प्रव्रज्या घेतली त्याने घर, पत्नी, द्रव्य यांवरील स्वत्व सोडले, असे जुने शास्त्र मानी. पारिभाषिक शब्द बनविताना हा सर्व अर्थ योजकांच्या मनात असेलच असे नाही. परंतु निकालांच्या परिणामाकडे पाहिले, तर तो शब्द नकळत फार नेमका पडला असे म्हणावे लागते. जो गेला त्याने गृहत्याग केला, असेच कायदा समजून चालला.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ च्या ‘बिहार राज्य विरुद्ध कुमार अमरसिंग’ या निकालात हे स्पष्ट दिसते. गया जिल्ह्यातील एका जमीनदाराची पत्नी जुलै १९४८ मध्ये कराचीस गेली. डिसेंबरात ती तात्पुरत्या परमिटावर परतली, एप्रिल १९४९ मध्ये पुन्हा गेली आणि मे १९५० मध्ये कायमच्या पुनर्वसनाचे परमिट घेऊन आली. राज्य सरकारची संमती न घेता ते दिले गेले म्हणून दोनच महिन्यांत रद्द झाले. आपण औषधोपचारासाठी तात्पुरती गेलो होतो, असे तिचे म्हणणे होते. शिवाय पती भारतात आहे, पत्नीचे अधिवासस्थान पतीच्या अधिवासस्थानाबरोबर जाते, म्हणून ती भारताचीच, असाही युक्तिवाद झाला. न्यायालयाने तो स्वीकारला नाही. सातवा अनुच्छेद इतर तरतुदींवर मात करतो. पत्नीचे स्थलांतर हे तिचे स्वतःचे स्थलांतर होय, असा निकालाचा आशय आहे.

येथे एक विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. एरवी पत्नीला पतीची सावली मानणाऱ्या विधिपरंपरेने या एका ठिकाणी तिला स्वतंत्र व्यक्ती मानले, ते तिला बाहेर ठेवण्यासाठी. आणि ज्या पुराव्यावर मानले तो पुरावा म्हणजे तिने पतीच्या घरी येता यावे म्हणून घेतलेले तात्पुरते परमिट! भेटीचे परमिट मागणे म्हणजे आपण पलीकडचे आहोत अशी कबुली देणे, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. प्रतीक्षा कमी करण्यासाठी जो मार्ग सुचे, त्यानेच ती वाढे.

पासपोर्ट आल्यावर हाच पेच अधिक घट्ट झाला. पलीकडून भारतात येण्यास पाकिस्तानी पासपोर्टावाचून गत्यंतर नसे. परंतु १९५६ च्या नागरिकत्व नियमांनुसार दुसऱ्या देशाचा पासपोर्ट मिळविणे हा त्या देशाचे नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारल्याचा निर्णायक पुरावा ठरला. ‘इझहार अहमद खान’ खटल्यात १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने हा नियम वैध ठरविला. परतण्याचे साधन तेच गेल्याचे प्रमाण झाले. पासपोर्ट दडपणाखाली वा इच्छेविरुद्ध घ्यावा लागला हे दाखविण्याची संधी व्यक्तीला मिळाली पाहिजे, ही सवलत त्यानंतरच्या १९६५ च्या निकालाने दिली.

आता बुलढाण्याच्या शेजारचे एक प्रकरण पाहू. जळगाव-जामोदच्या उत्तरेस सातपुडा ओलांडला की बऱ्हाणपूरचा मुलूख लागतो. रेल्वेने मलकापूरहून भुसावळमार्गे तेथे जाता येते. १९५६ च्या मे महिन्यात बुलढाणा जिल्हा व बऱ्हाणपूर ही दोन्ही नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेश राज्यातच होती. बुलढाणा त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि पुढे १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. त्या मे महिन्यात बऱ्हाणपूरचे एक दांपत्य पाकिस्तानी पासपोर्ट व भारतीय व्हिसा घेऊन आपल्या गावी आले. व्हिसाची मुदत संपली. दोघे तेथेच राहिली. त्यांच्यावर परकीयांसंबंधीच्या कायद्याखाली खटला भरण्यात आला. आम्ही येथेच जन्मलो, येथलेच आहोत, हा त्यांचा बचाव होता.

‘मध्य प्रदेश राज्य विरुद्ध पीर महंमद’ या नावाने ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९६२ साली न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिलेल्या निकालात प्रश्न पुन्हा व्याकरणाचाच झाला. सातव्या अनुच्छेदातील ‘स्थलांतर करून गेली आहे’ या क्रियारूपाला काळाची मर्यादा कोणती? सरकारचे म्हणणे, मर्यादा नाही. संविधान अमलात आल्यानंतरचे जाणेही त्यात येते. न्यायालयाचे उत्तर असे की, तो अनुच्छेद १ मार्च १९४७ ते २६ जानेवारी १९५० या अवधीतील स्थलांतरापुरताच आहे. त्यानंतर गेलेल्यांचा प्रश्न १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमाच्या नवव्या कलमाने सुटावयाचा आणि त्याचा निर्णय केंद्र सरकारने करावयाचा. तसा निर्णय झालेला नसताना त्या दोघांना परकीय म्हणून शिक्षा करता येत नव्हती. राज्याचे अपील फेटाळले गेले. एका क्रियापदाच्या काळाने एका घरास आधार दिला. पण तो मिळेपर्यंत त्यांना परतून सहा वर्षे लोटली होती.

‘स्थलांतर’ म्हणजे काय, यावर स्वतः न्यायालयाचेही मत स्थिर नव्हते. १९६० च्या ‘शन्नोदेवी’ खटल्यात सहाव्या अनुच्छेदातील त्याच क्रियापदाचा अर्थ ‘कायम राहण्याच्या हेतूने येणे’ असा केला गेला. १९६६ च्या ‘कुलथिल मम्मू विरुद्ध केरळ राज्य’ या निकालात बहुमताने तो अर्थ बाजूस सारला. कायम राहण्याचा हेतू आवश्यक नाही. मात्र जाणे स्वेच्छेचे असावे आणि ते विशिष्ट कामासाठी, अल्प व मर्यादित काळापुरते नसावे, असे ठरले. सहा वर्षांच्या अंतराने एकाच शब्दाचे हे दोन अर्थ झाले. ज्याची पत्नी वा पती पलीकडे अडकून पडली वा पडला होता, त्याने कोणत्या अर्थावर विसंबून अर्ज करावयाचा होता?

या ठिकाणी कुटुंबविषयक कायद्याशी तुलना उद्बोधक ठरते. प्रवासास गेलेल्या पतीची वाट पत्नीने किती काळ पाहावी, हा भारतीय विचारास नवा प्रश्न नाही. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात ‘ह्रस्वप्रवास’ व ‘दीर्घप्रवास’ अशी दोन प्रकरणे करून वर्ण, अपत्य, निर्वाहाची तरतूद यांप्रमाणे प्रतीक्षेच्या निरनिराळ्या मुदती सांगितल्या आहेत. मुस्लिम विवाहविच्छेदाच्या १९३९ च्या अधिनियमात पतीचा ठावठिकाणा चार वर्षे न कळल्यास, किंवा त्याने दोन वर्षे पोटगीची तजवीज न केल्यास, पत्नीला विवाहमुक्ती मागता येते. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमात सात वर्षे वार्ता नसणे हे कारण मानले आहे. म्हणजे विवाहाच्या कायद्याने प्रतीक्षेला सीमा घातली.

परंतु परमिट-व्हिसाच्या काळातील पत्नीची स्थिती यांपैकी कोठेच बसत नव्हती. पतीचा ठावठिकाणा ठाऊक आहे. तो टाकून गेलेला नाही. उलट तोही अर्ज करीत आहे. तो मृत नाही, बेपत्ता नाही, परका नाही, आणि तरीही घरी नाही. अशा स्थितीला ना जुन्या शास्त्रात नाव होते, ना नव्या कायद्यात मुदत. विवाहाचा कायदा पतीच्या वर्तनाकडे पाहून वर्षे मोजी. प्रवेशाचा कायदा अर्ज स्वीकारी, परंतु उत्तर किती दिवसांत द्यावयाचे याचे बंधन स्वतःवर घालून घेत नसे.

पतीने पत्नीच्या आधारे परतावे, तर तीही वाट बंद होती. १९५५ च्या अधिनियमात भारतीय नागरिकाशी विवाह झाल्याच्या आधारे नोंदणीने नागरिकत्व मिळण्याची सोय स्त्रियांपुरतीच होती. ‘स्त्रिया’ या शब्दाच्या जागी ‘व्यक्ती’ हा शब्द १९८६ च्या दुरुस्तीने आला. तोवर सून घरी येणे कायद्यास समजत होते. जावई घरी येणे समजत नव्हते. त्या दुरुस्तीने पाच वर्षांच्या वास्तव्याची अट घातली आणि २००३ च्या दुरुस्तीने ती सात वर्षांची केली.

मधल्या काळात उरला तो पत्रव्यवहार; १९७१ च्या युद्धाने तोही तुटला. टपाल, तार व व्हिसा यांसंबंधीचे करार १४ सप्टेंबर १९७४ रोजी झाले, तेव्हा पुन्हा पत्रे जाऊ-येऊ लागण्याचा मार्ग मोकळा झाला. हा इतिहास जुना झाला असे म्हणता येत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे भेटीचे व्हिसा रद्द झाले आणि सरहद्दीवर दांपत्ये पुन्हा दोन बाजूंना उभी राहिली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून परकीयांसंबंधीचा १९४६ चा कायदा जाऊन नवा अधिनियम अमलात आला. राज्याला आपली सीमा राखण्याचा अधिकार आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो त्या अधिकाराच्या आड आलेल्या विवाहाला कालमर्यादेचे काही संरक्षण असावे की नाही, एवढाच.

मराठी घरात बाहेर निघणारा माणूस ‘जातो’ असे म्हणत नाही. तो ‘येतो’ म्हणतो. वऱ्हाडातही हीच रीत आहे. ही केवळ अशुभ टाळण्याची लकब नव्हे. जाण्याच्या क्रियेत परतण्याचा हेतू गृहीत धरलेला आहे आणि घरात मागे राहणाऱ्याने तो ऐकलेला आहे, अशी ती साक्ष आहे. न्यायालयांनी हेतूचा शोध परमिटांच्या नोंदींत, पासपोर्टाच्या शिक्क्यांत आणि मुदतीच्या तारखांत घेतला. उंबऱ्यावर बोलला गेलेला हा शब्द कोणत्याही नमुन्यातील रकान्यात बसणारा नव्हता. तरीही १९४८ पासूनच्या या प्रकरणांचा अभ्यास करताना निकालपत्रांतील ‘स्थलांतर’ या शब्दाबरोबर त्या घरांतील पत्रे व तोंडी आठवणीही वाचल्या-ऐकल्या पाहिजेत; कारण गेलेला माणूस काय म्हणून गेला, हे मागे राहिलेल्यांनाच ठाऊक असते.