जुना कर्णा, नवी पेटी

विरारच्या पूर्वेला चंदनसार आहे. वसई तालुक्यातल्या अशा गावांत कौलारू घराच्या जागी इमारत उभी राहते, सामानाची हलवाहलव होते आणि माळ्यावरून एखादी लाकडी पेटी खाली उतरते. ती असते आजोबांचा रेडिओ. मग घरात वाद सुरू होतो. एक म्हणतो, "या आवाजाची सर आताच्या डबीला नाही." दुसरा म्हणतो, "पुरे जुन्याचं कौतुक, द्या भंगारात!" खरं सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. ते कसं, हे कळायला थोडा इतिहास पाहू या.

1902 साली कोलकात्यात गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित झालं, तेव्हा या कामात वीज नव्हतीच. गायकानं कर्ण्यासमोर बसून गायचं, त्या कंपनांनी सुई हलायची आणि मेणावर रेघ उमटायची. घरी तबकडी लावली की हाच प्रकार उलट व्हायचा. कर्णा आवाजात पदरचं बळ घालत नसे. सुईची बारीक थरथर तो हवेपर्यंत नीट पोचवी, एवढंच.

1925 साली अमेरिकेत राईस आणि केलॉग या दोघांनी नवी युक्ती मांडली. चुंबकाच्या फटीत तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू. वेटोळ्यातून बदलती वीज गेली की शंकू मागेपुढे हलतो आणि हवा हलवतो. आजही बहुतेक लाउडस्पीकर याच तत्त्वावर चालतात. म्हणजे जुना आणि नवा एकाच घराण्यातले!

मग फरक कुठे पडला? 23 जुलै 1927 रोजी मुंबईचं नभोवाणी केंद्र सुरू झालं. त्यानंतर घरोघर आलेल्या व्हॉल्व्हच्या रेडिओत आवाजासाठी थोडेच वॅट हाती असत. म्हणून शंकू हलका आणि रुंद ठेवत. थोड्या धक्क्यात तो मोठ्यानं बोले.

पुणे केंद्र 1953 साली सुरू झालं. तिथूनच 1955 मध्ये गीतरामायण सुरू झालं. 1956 साली युनेस्कोच्या मदतीनं पुण्याभोवतालच्या जिल्ह्यांतल्या 150 गावांत शेतकऱ्यांची श्रोतेमंडळं बसवण्यात आली. एका रेडिओभोवती सुमारे वीस माणसं बसत, कार्यक्रम ऐकत आणि मग आपसांत चर्चा करत. अशा बैठकीत माणसाचा शब्द स्पष्ट कळणं महत्त्वाचं, आणि त्या कामाला ती लाकडी पेटी चांगली होती.

पण ती काही लपवतही असे. पाठीमागून उघड्या पेटीत शंकूच्या पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना मारतात, त्यामुळे डग्ग्याचा खोल घुमार उणा पडे. टाळांची बारीक किणकिण तर मध्यम लहरींच्या प्रक्षेपणातच बरीचशी गळून जाई. आपल्याला आठवतो तो गोडवा काही लाकडाच्या घुमण्याचा, काही भोवती बसलेल्या माणसांचा.

1954 साली एडगर विल्चर यांनी बंद पेटीचा लाउडस्पीकर लोकांसमोर आणला. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वागते, म्हणून लहान पेटीतूनही खोल आवाज निघतो. मूर्ती लहान, पण कीर्ती मोठी! मात्र फुकट काही मिळत नाही. जुन्या, रुंद शंकूइतकं मोठ्यानं बोलायला अशा लहान पेटीला कधीकधी दहापट वीज लागते. ट्रान्झिस्टरमुळे ती पुढे स्वस्तात मिळू लागली. जुना लाउडस्पीकर विजेच्या टंचाईतून मोठा झाला, नवा तिच्या सुबत्तेतून लहान झाला.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, वर्गात एक प्रयोग करा. सुट्या लाउडस्पीकरच्या दोन टोकांना साधा दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. टक् असा आवाज येईल आणि शंकू हललेला मुलांना दिसेल. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ मात्र स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्याच्या कंडेन्सरमध्ये धोक्याची वीज शिल्लक राहू शकते.

घरी तुलना करताना दोन्हींचा आवाज आधी सारखा करा, कारण जो मोठ्यानं वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. मग डोळे मिटून प्रथम एखादं भाषण ऐका, नंतर भजन. समुद्रकाठच्या दमट हवेत कागद मऊ पडतो, काही स्पीकरांची फोमची कड भुगा होऊन गळते. पण शंकू आणि कड बदलता येतात, हेही लक्षात असू द्या.

तेव्हा भंगारवाल्याला हाक मारण्याआधी ती पेटी जाणत्या कारागिराकडून एकदा बोलती करून घ्या. दोन्ही यंत्रांसमोर घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवा आणि विचारा, "शब्द न् शब्द कळतो का?" ज्या यंत्रावर त्यांची मान डोलेल, ते तुमच्या घराला चांगलं.